पंचवीस सीसीचे इंजिन, अठ्ठावीस इंची सायकल आणि मागच्या चक्राचे दात

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि. मी डिचोली तालुक्यातील एका गावात राहतो. वय ५४, वजन ६८ किलो. डिचोलीच्या बाजारातील एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम करतो. घरापासून दुकान नऊ किलोमीटरवर आहे. त्यातले सहा किलोमीटर शेतांच्या कडेने सपाट आहेत. मध्ये सडा (जांभ्या दगडाचे उंच पठार) लागतो, त्यामुळे जाताना आणि येतानाही दीड किलोमीटर चढण आणि तेवढीच उतरण पडते. वडिलांची अठ्ठावीस इंची काळी सायकल मी तीस वर्षे वापरली, पण गेल्या दोन पावसाळ्यांपासून गुडघे साथ देत नाहीत. भावाच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) गवत कापायचे चार-स्ट्रोक मशीन होते. त्याचा दांडा मोडला, इंजिन मात्र ठणठणीत आहे (होंडा जीएक्स-२५, त्याच्याच क्लचसह). फोंड्याच्या एका कारागिराकडून त्यासाठी पाचास एक प्रमाणाचा छोटा गिअरबॉक्स करून घेतला असून त्याच्या बाहेरच्या दांड्यावर दहा दातांचे चक्र आहे. प्रश्न मागच्या चाकाचा आहे. भाचा म्हणतो, ३२ दातांचे चक्र लाव, सायकल साठने पळेल. दुसऱ्या दिवशी तोच म्हणतो, हे सोड आणि ८० सीसीचा तयार संच मागव. किती दात लावावेत आणि वेगाची अपेक्षा किती ठेवावी, ते कृपया सांगावे.

उत्तर

सप्रेम नमस्कार. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे मागून सांगतो. मागच्या चाकाला ५६ दातांचे चक्र बसवा, आणि वारा पडलेला असताना सपाट रस्त्यावर ताशी ३३ किलोमीटर हा आपल्या सायकलीचा कमाल वेग आहे असे धरून चाला. ३२ दातांचे चक्र लावले तर कागदावर ताशी ५८ किलोमीटर दिसतील, पण प्रत्यक्षात सायकल सपाटीवर ३४ च्या आसपास अडेल आणि सड्याच्या चढणीवर इंजिनाच्या बळावर चढणारच नाही. तुमच्या भाच्याला हे पटायला वेळ लागेल, कारण मागचे चक्र लहान केले की वेग वाढतो हा अनुभव मोटारसायकलीवर खरा ठरतो. मोटारसायकलीच्या इंजिनात खर्च न झालेली ताकद शिल्लक असते म्हणून तो खरा ठरतो. तुमच्या इंजिनात तशी शिल्लक नाही, आणि सारा प्रश्न तिथेच आहे.

हिशेबाची सुरुवात चाकाच्या घेरापासून करावी. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर, स्वाराच्या वजनाने टायर थोडा दबतो हे लक्षात घेऊन, सुमारे २.२ मीटर भरतो; तरी तुम्ही तो स्वतः मोजावा. टायरवर आणि त्याच्या खाली जमिनीवर खडूने खूण करा, सायकलीवर बसा, कोणाला तरी ती सरळ रेषेत हळूहळू ढकलायला सांगा, आणि टायरवरची खूण पुन्हा जमिनीला टेकली की दोन्ही जागांमधले अंतर टेपने मोजा. आता गिअरबॉक्समध्ये इंजिनाचे पाच फेरे झाले की बाहेरच्या दांड्याचा एक फेरा होतो, आणि दहा दातांचे चक्र ५६ दातांच्या चक्राला फिरवते तेव्हा फेरे आणखी ५.६ पटींनी कमी होतात. पाच गुणिले ५.६ म्हणजे २८, अर्थात इंजिनाच्या २८ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. इंजिन मिनिटाला ७००० फेरे घेत असेल तर चाक २५० फेरे घेईल, सायकल मिनिटाला ५५० मीटर आणि तासाला ३३ किलोमीटर जाईल. हाच हिशेब ३२ दातांना लावला तर एकूण प्रमाण १६ येते आणि उत्तर ताशी ५८ किलोमीटर. भाच्याचे गणित इथवर बरोबर आहे.

मात्र इंजिन ७००० फेऱ्यांपर्यंत पोहोचेल हे त्याने गृहीत धरले आहे, आणि ते पोहोचते की नाही हे दात ठरवत नाहीत, हवा ठरवते. अठ्ठावीस इंची सायकलीवर माणूस ताठ बसतो, छाती वाऱ्याला पूर्ण उघडी असते. तुम्ही, सायकल, इंजिन व त्याची जोडणी आणि डब्याची पिशवी मिळून १०० किलो धरून मी हिशेब केला. हवेचा आणि टायरचा विरोध मोडण्यासाठी चाकापाशी लागणारी ताकद ताशी २५ किलोमीटरला सुमारे १७० वॅट, ३३ ला ३४० वॅट आणि ४० ला ५६० वॅट येते; ५० ला ती १०४० वॅट आणि ६० ला १७४० वॅट होते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध दुप्पट वेगाने ढकलायचा असल्याने त्यासाठी लागणारी ताकद आठपट होते. म्हणून हे आकडे असे भराभर वाढतात. जीएक्स-२५ ची ताकद ७००० फेऱ्यांना ०.७२ किलोवॅट, म्हणजे साधारण एक अश्वशक्ती आहे. गिअरबॉक्स आणि चेन यांत त्यातला सातवा-आठवा हिस्सा जातो आणि चाकापर्यंत सहाशे-सव्वासहाशे वॅट पोहोचतात. वरच्या आकड्यांशी ताडून पाहा. अगदी नेमके प्रमाण साधले तरी हे इंजिन तुम्हाला वारा नसताना ताशी ४१ च्या पुढे नेऊ शकत नाही. साठसाठी जवळजवळ तीन इंजिने लागतील.

आता ३२ दातांच्या चक्राने सायकल ३४ वरच का अडते, ते पाहू. या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे दांडा फिरवण्याचा जोर, ५००० फेऱ्यांना एक न्यूटन-मीटर असतो आणि ७००० पर्यंत तो फारसा उतरत नाही. ५६ दातांनी तो २८ पट होऊन, तूट वजा जाता, मागचे चाक रस्त्याला सुमारे सात किलोच्या जोराने ढकलते. ३२ दातांनी तो सोळाच पट होतो आणि जोर चार किलोवर येतो. ताशी ३४ किलोमीटर वेगाला हवेचा आणि टायरचा मिळून विरोध नेमका चार किलोच्या घरात असतो. तिथे दोन्ही बाजू सारख्या होतात आणि वेग वाढायचा थांबतो. त्या क्षणी इंजिन कसेबसे ४१०० फेऱ्यांवर घुटमळत असते, ज्या ७००० फेऱ्यांना त्याची पूर्ण ताकद मिळते तिथे ते कधी जातच नाही. म्हणजे ५८ साठी लावलेल्या चक्राने सपाटीवर एखादा किलोमीटर वेग वाढतो, आणि त्या बदल्यात पुढे सांगितलेले सगळे गमवावे लागते.

गमवावी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे क्लच. गवत कापायच्या मशीनचा क्लच केंद्रोत्सारी असतो. इंजिन हळू फिरत असताना त्याचे लायनर आत मिटलेले राहतात, फेरे वाढले की ते बाहेर फेकले जाऊन ड्रमला घट्ट धरतात, आणि ही पूर्ण पकड सहसा चार हजार फेऱ्यांच्या आगेमागे येते. त्याखाली क्लच घसरत राहतो, तापतो आणि जळतो. पात्याला फिरवताना ही अवस्था क्षणभराची असते. शंभर किलोचा भार ओढताना ती मिनिटामिनिटांची होऊ शकते. ५६ दातांच्या चक्राने चार हजार फेरे म्हणजे ताशी १९ किलोमीटर, ४४ दातांनी २४, आणि ३२ दातांनी तब्बल ३३. थोडक्यात, भाच्याच्या योजनेत क्लच जिथे नीट धरू लागतो, तिथेच सायकलीचा वेग संपतो. मी पूर्वी अशीच एक सायकल लहान चक्रावर चालवली आणि बेतीहून पर्वरीच्या सड्यावर चढताना अर्ध्या वाटेत क्लच जाळला. लायनर जळल्याचा तो वास आला तेव्हा उशीर झालेला होता, आणि उरलेली चढण सायकल ढकलत पार करावी लागली. तुमच्या गुडघ्यांवर ती वेळ येऊ नये, म्हणून हा मुद्दा लांबवून सांगतो आहे.

दुसरी गोष्ट समोरचा वारा. गोव्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा दिवसदिवस थांबत नाही. शेतांमधल्या उघड्या रस्त्यावर त्याला अडवायला काही नसते. ताशी पंधरा किलोमीटरचा, म्हणजे झाडाच्या डहाळ्या हलवणारा साधा वारा समोरून असेल तर ५६ दातांची सायकल ३३ वरून फार तर ३२ वर येईल, कारण तिच्याकडे ढकलण्याचा जोर राखीव आहे. ४४ दातांची सायकल ४० वरून २६ वर येईल. ३२ दातांच्या सायकलीला हिशेबाने ताशी १९ मिळतात, पण त्या वेगाला इंजिनाचे फेरे अडीच हजारांच्याही खाली जातात आणि क्लच सुटतो, म्हणजे प्रत्यक्षात ती इंजिनावर चालतच नाही. समोरच्या वाऱ्यात मोठ्या चक्राची सायकल लहान चक्राच्या सायकलीला मागे टाकते, ही गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते, आणि एकदा ती अनुभवली की दातांबद्दलचा वाद आपोआप मिटतो.

४४ दातांचा विचार मात्र गांभीर्याने करायला हवा, कारण इंजिनाच्या ताकदीशी सर्वांत नेमके जुळणारे प्रमाण तेच आहे आणि शांत हवेत ते तुम्हाला खरोखर ताशी ४० देईल. वाटेत सडा नसता आणि तुम्ही पणजी ते रायबंदर अशा सपाट बांधावरून रोज ये-जा करत असता, तर मी ४४ किंवा ५० सुचवले असते. तुमच्या सहा सपाट किलोमीटरांना ३३ च्या वेगाने अकरा मिनिटे लागतील आणि ४० च्या वेगाने नऊ. दोन मिनिटांच्या बचतीसाठी चढणीवरची सारी ताकद देणे मला पटत नाही.

आता चढणीकडे येतो, कारण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न मला तोच दिसतो. वेगाचा प्रश्न तुमच्या भाच्याचा आहे. चढण किती खडी आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि ते डोळ्यांनी ठरवू नये, कारण चढून दमलेल्या माणसाला प्रत्येक चढण खडी वाटते. एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि गवंड्याची लेव्हल घेऊन जा. पट्टीचे वरच्या बाजूचे टोक रस्त्यावर टेकवा, दुसरे टोक लेव्हलचा बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला, आणि त्या टोकाखाली रस्त्यापर्यंत किती सेंटीमीटर अंतर आहे ते मोजा. जितके सेंटीमीटर, तितके टक्के चढ. पाच-सहा ठिकाणी मोजा आणि सर्वांत खडी जागा वेगळी लिहून ठेवा, कारण सरासरी चार टक्क्यांची चढण एखाद्या वळणावर नऊ टक्क्यांची असू शकते आणि सायकल अडते ती त्या वळणावर.

५६ दातांच्या चक्राने इंजिन एकट्याच्या बळावर ताशी वीस किलोमीटर वेगाने सुमारे पाच टक्क्यांची चढण चढेल. तुम्ही हलक्या पायांनी, गुडघ्यांवर जोर न देता पेडल फिरवत राहिलात तर हीच मर्यादा सव्वासहा टक्क्यांपर्यंत जाते. साधारण ७५ वॅटचे हे काम सपाट रस्त्यावर संथ सायकल चालवण्याइतकेच असते, पण ते चढण सुरू होण्याच्या आधीपासून करायला हवे. वेग वीसच्या खाली उतरल्यावर पेडलांकडे वळणे म्हणजे क्लच घसरू लागल्यावर जागे होणे. पायथ्याशी तीसच्या वेगाने या, पेडले फिरवू लागा, आणि वेग १९ च्या खाली जातो आहे असे दिसले तर थ्रॉटल सोडून खाली उतरा आणि सायकल हाताने ढकलत न्या. घसरत्या क्लचवर पूर्ण थ्रॉटल देऊन चढण रेटणे हा या यंत्राचा घात आहे. ४४ दातांच्या चक्राने हीच मर्यादा तीन टक्क्यांवर येते, आणि जांभ्याच्या सड्यावर चढणारा तीन टक्क्यांचा रस्ता आपल्याकडे क्वचितच सापडेल.

मोजणीत बराचसा भाग आठ टक्क्यांचा निघाला तर ५६ दातही पुरणार नाहीत. आठ टक्क्यांसाठी एकूण प्रमाण सुमारे ४० लागते, आणि त्या प्रमाणात सपाटीवरचा कमाल वेग ताशी २३ किलोमीटर उरतो. नऊ किलोमीटरांच्या वाटेला तो वेग मला लाजिरवाणा वाटत नाही. २३ च्या वेगानेही तुम्ही पंचवीस मिनिटांत दुकानात असाल. पण अशा वेळी चाकाचे चक्र आणखी मोठे करण्यापेक्षा कारागिराकडून गिअरबॉक्सचेच प्रमाण सातास एक करून घेणे योग्य. ५६ दातांच्या चक्राचा व्यासच सुमारे २३ सेंटीमीटर होतो. त्याहून मोठे चक्र फ्रेमच्या मागच्या नळीला किंवा स्टँडला घासण्याची भीती असते.

उतरणीबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. थ्रॉटल सोडून इंजिनाचे फेरे खाली गेले की क्लच सुटतो, त्यामुळे मोटारसायकलीप्रमाणे इंजिन उतरणीवर वेग धरून ठेवेल यावर विसंबू नका. चाक मात्र चेनमधून गिअरबॉक्सला आणि क्लचच्या ड्रमला फिरवतच राहते. २८ च्या प्रमाणात ताशी ५० वेगाने उतरलात तर तो ड्रम मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेईल, आणि कारागिराने घातलेली बेअरिंगे ते फार दिवस सोसतील असे मला वाटत नाही. शक्य असल्यास गिअरबॉक्सच्या बाहेरच्या दांड्यावरील दहा दातांचे चक्र फ्रीव्हीलवर बसवून घ्या. मग उतरणीवर आणि इंजिन बंद करून पेडल मारतानाही गिअरबॉक्स स्वस्थ राहील. ते होईपर्यंत उतरणीवर ताशी ३५ ची मर्यादा पाळा.

ती मर्यादा पाळण्यासाठी ब्रेक हवेत, आणि तुमच्या सायकलीचे ब्रेक मला या सगळ्यात सर्वांत काळजीचे वाटतात. काळ्या सायकलीचा दांड्याचा ब्रेक रबराचे तुकडे लोखंडी रिमवर आतून दाबतो. कोरड्या रस्त्यावर ताशी पंधराच्या वेगाला ते चालून जाते. ओल्या लोखंडी रिमवर रबराची पकड फारच कमी होते, आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. चांगल्या कोरड्या ब्रेकने ताशी ३३ वरून थांबायला सुमारे १४ मीटर लागतात. ओल्या रिमवर ब्रेक निम्म्याने लागला तर २८ मीटर, आणि वेग ४० असेल तर तेच अंतर ४१ मीटर होते. बाजाराच्या तोंडाशी अचानक रस्ता ओलांडणारे मूल किंवा बसलेले जनावर ४१ मीटर आधी दिसत नाही. म्हणून इंजिन चढवण्याआधी पुढच्या चाकाला हबमध्ये ड्रम असलेला ब्रेक बसवून घ्या. ड्रमच्या आत पाणी सहसा शिरत नाही आणि ओल्या रिमचा प्रश्नच उरत नाही. पैसे एकाच कामापुरते असतील तर ते याच कामाला लावा, मागचे चक्र महिनाभर थांबू शकते.

८० सीसीच्या तयार संचाबद्दल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८) मधील 'मोटार वाहन' या व्याख्येतून, चारपेक्षा कमी चाके असलेले आणि २५ घन सेंटीमीटरपेक्षा जास्त क्षमतेचे इंजिन नसलेले वाहन वगळले आहे. तुमची सायकल या रेषेच्या आत राहते, तो संच राहत नाही. ८० सीसी म्हणून विकल्या जाणाऱ्या या संचातल्या इंजिनाचा सिलिंडर सहसा ४७ मिलिमीटर व्यासाचा आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे खरी क्षमता ६६ सीसी. ती ६६ असो वा ८०, सायकल मोटार वाहन ठरते. मग नोंदणी, विमा आणि परवाना सगळे आले, आणि नोंदणी मान्यताप्राप्त नमुन्याच्या वाहनाची होत असल्याने घरी जोडलेल्या सायकलीची ती होणे व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे. विम्याविना अशी सायकल कोणाला लागली तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल. वेगाची आशाही त्यात तितकी नाही. त्या इंजिनात आतच ४.१ पट घट असते आणि सोबत सहसा दहा व ४४ दातांची चक्रे येतात, तेव्हा तुमच्या चाकावर पाच हजार फेऱ्यांना ताशी ३६–३७ किलोमीटर मिळतात. हे इंजिन टू-स्ट्रोक असल्याने धूर, आवाज आणि गुडघ्यांना झोंबणारा कंप वेगळाच. एक खबरदारी तुमच्याही बाजूने घ्या. गवत कापायच्या मशीनची काही इंजिने बोलण्यात पंचवीसची असली तरी प्रत्यक्षात २५.४ सीसीची असतात आणि कायद्याच्या रेषेबाहेर जातात. जीएक्स-२५ त्यातले नाही. तरी त्याच्यावरची क्षमतेची पट्टी खरवडू नका, रंगाखाली झाकू नका आणि भावाकडचे खरेदीचे बिल जपून ठेवा. हेल्मेट मात्र कायदा या सायकलीला काय म्हणतो याचा विचार न करता रोज घाला.

पडून राहिलेल्या यंत्राचे इंजिन सायकलीला लावणे हा पोरखेळ आहे असे भाच्याला वाटत असेल, तर त्याला हेही सांगा की १९४६ साली सोइचिरो होंडा यांनी जपानी लष्कराच्या रेडिओसंचांना वीज पुरवण्यासाठी बनवलेली, युद्धानंतर पडून राहिलेली छोटी इंजिने सायकलींना बसवून विकायला सुरुवात केली होती. तुमच्या हातातल्या इंजिनावरचे नाव त्याच कामातून उभे राहिले आहे.

जोडणीच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो. मागचे चक्र डाव्या बाजूला येईल, आणि ते रबराच्या चकत्यांमध्ये स्पोक दाबून बसवण्याची पद्धत स्वस्त असली तरी ती स्पोकांवर अन्याय करते. चक्र हबच्या पिंपावर घट्ट बसणाऱ्या दोन अर्ध्या कड्यांनी धरून घ्या. बसवल्यावर चाक मोकळे फिरवून पाहा, चेन एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ होत असेल तर चक्र मध्यावर नाही, आणि तशा स्थितीत ते वापरू नये.

सायकल तयार झाली की वारा नसलेल्या सकाळी सपाट रस्त्यावर, एकदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने, फोनच्या जीपीएसवर वेग पाहा आणि दोन्हींची सरासरी घ्या. थ्रॉटल पूर्ण उघडण्याआधीच सायकल ३३ ला पोहोचत असेल आणि चढणही पेडलांशिवाय पार होत असेल, तर ५० दातांचे चक्र लावून ताशी ३७ पर्यंत जाण्यास माझी हरकत नाही. पूर्ण थ्रॉटलला २८ च्या पुढे जात नसेल, तर दातांना हात लावू नका. आधी टायरमधली हवा, ब्रेकचे घासणारे रबर आणि एअर फिल्टर तपासा. इंजिनात तेल अवघे ८० मिलिलिटर असते, म्हणून ते रोज सकाळी निघण्यापूर्वी पाहा. आणि चक्र विकत घेण्याआधी चढण मोजून त्या सर्वांत खड्या जागेचा आकडा मला कळवा. तो सात टक्क्यांहून जास्त असेल, तर गिअरबॉक्स पुन्हा कारागिराकडे नेण्यापूर्वी आपण दातांचा हिशेब नव्याने मांडू.